तेरातला एक सेल

बोरघाट हे यंत्रांचं परीक्षा केंद्र आहे असं माझं जुनं मत आहे. सपाटीवर अगदी शहाण्यासारखं वागणारं यंत्र खोपोली सोडून शिंग्रोबाच्या देवळाकडे वळलं की आपले गुण दाखवायला लागतं. १८६३ मध्ये इथून रेल्वे चढली तेव्हा चढ ३७ ला १ असा होता. एका इंजिनाच्या आवाक्यातलं ते काम नव्हतं, म्हणून मागून रेटायला जादा इंजिनं लावायची पद्धत पडली. कर्जतला आजही बहुतेक गाड्यांना ती लागताना दिसतात. १ जून १९३० ला दख्खनची राणी सुरू झाली ती विजेच्या इंजिनावर, पण चढ काही कमी झाला नव्हता.

रस्त्यावरची परीक्षा वेगळी. १९७२ मध्ये बजाजची चेतक आली आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं अनेक मराठी कुटुंबं (पुढे उभा असलेला मुलगा धरून चौघं) तिच्यावरून हा घाट चढली. मधे गाडीनं मान टाकली की देवळापाशी थांबायचं, शिंग्रोबाला नाणं टाकायचं आणि प्लग काढायचा. हा शिंग्रोबा म्हणजे इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर अशी आख्यायिका आहे, त्यामुळे घाटात अडकलेल्यांनी त्याच्याकडे बघणं रास्तच. पण माझा मुद्दा प्लगचा आहे. प्लग हातात घेतला की इंजिनाच्या पोटातलं कळायचं. काळा आणि ओला असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त, पांढराफटक असेल तर इंजिन फार तापतंय, चहाच्या रंगाचा असेल तर दोष दुसरीकडे शोधा. हे निदान करायला फक्त एक पाना आणि फुंकर पुरायची.

बॅटरीचंही एकेकाळी तसंच होतं, हे आता कुणाला सांगून खरं वाटत नाही. शिशाची बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच माणसानं १८५९ मध्ये बनवली. तिच्या एका सेलचे साधारण २ व्होल्ट, म्हणून आपल्या १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल एकापुढे एक जोडलेले. जुन्या ट्रकच्या बॅटऱ्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना आठवत असेल, वर डांबर ओतलेलं असायचं आणि सेल जोडणाऱ्या शिशाच्या जाड पट्ट्या उघड्या दिसायच्या. बॅटरीवाला प्रत्येक सेलचं बूच काढून हायड्रोमीटर बुडवायचा. आम्लाची घनता १.२६ ते १.२८ म्हणजे सेल भरलेला, १.१५ च्या आसपास म्हणजे उतरलेला. पाच सेल १.२५ आणि एकच १.१५ दाखवत असेल तर चोर सापडला. त्याच्याकडे दोन टोकदार पायांचा एक चिमट्यासारखा टेस्टरही असायचा. तो सेलच्या दोन पट्ट्यांवर दाबला की मोठा करंट वाहायचा, आणि आजारी सेलचा काटा झपकन खाली यायचा. मग तेवढा एक सेल उघडून बदलायचा. बाकीचे पाच तसेच चालू.

या टेस्टरमागची अक्कल मला फार मोलाची वाटते. सेलला नुसतं उभं ठेवून त्याचं व्होल्टेज बघितलं तर तो खोटं बोलतो. त्याच्यावर काम टाकलं की खरं बोलतो.

पुढे प्लास्टिकच्या पेटीची बॅटरी आली, सेल जोडणाऱ्या पट्ट्या आतल्या भिंतींतून गेल्या आणि वरून फक्त दोन टोकं उरली. मग 'मेंटेनन्स फ्री' आली आणि बुचंही गेली. ग्राहकाची पाणी घालण्याची कटकट गेली याचा सगळ्यांना आनंद झाला (मलाही), पण त्या बुचांबरोबर आत डोकावायची सहा भोकंही बंद झाली. म्हणजे बॅटरीला कुलूप लागलं ते लिथियमनं लावलेलं नाही, ते आधीच लागत आलं होतं.

२००६ च्या सुमारास ज्या हलक्या विजेच्या स्कूटर आल्या त्या तुमच्यापैकी काहींनी चालवल्या असतील. २५० वॉटची मोटर, ताशी २५ किलोमीटर, लायसन्स नको, पासिंग नको. आत शिशाच्या १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या. घाटाची गोष्टच सोडा, खंडाळ्याच्या आतल्या चढालाही त्या दमायच्या. पण त्यांतही मेकॅनिकला एक सोय होती. स्कूटर स्टँडवर घ्यायची, ब्रेक दाबून थोडं ॲक्सिलेटर द्यायचं आणि चारही बॅटऱ्यांना पाळीपाळीनं मल्टिमीटर लावायचा. तीन १२ च्या आसपास राहिल्या आणि चौथी ९ वर आली की झालं निदान.

लिथियम-आयन सेलची कथा तशी अलीकडची. जपानच्या सोनीनं तो १९९१ मध्ये बाजारात आणला आणि ज्या तिघांच्या कामावर तो उभा आहे त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चं रसायनाचं नोबेल मिळालं. आज अनेक स्कूटरमध्ये लोह-फॉस्फेटचे सेल असतात. त्यांच्याबद्दल १९९७ मध्ये गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून जो निबंध आला त्याचे पहिले लेखक अक्षय पाढी हे आपल्या ओडिशाचे. हे नाव आपल्याकडे जेवढं माहीत असायला हवं तेवढं नाही. असो.

लिथियम सेलचा स्वभाव शिशापेक्षा तापट. शिशाचा सेल थोडा जास्त चार्ज झाला तर पाणी उडतं, एवढंच. लिथियमचा सेल ४.२ व्होल्टच्या वर रेटत नेला तर तो पेटू शकतो, आणि फार खाली नेला तर कायमचा बिघडतो. म्हणून प्रत्येक बॅटरीत एक राखणदार सर्किट बसवावं लागतं, त्याला बीएमएस म्हणतात. ४८ व्होल्टच्या नेहमीच्या बॅटरीत असे तेरा गट एकापुढे एक असतात आणि प्रत्येक गटात दहा-बारा सेल शेजारीशेजारी. बीएमएस तेराही गटांचं व्होल्टेज सतत मोजतो. एक जरी गट तळाला गेला तरी सगळी बॅटरी बंद. चार्जिंगलाही तेच, एक गट आधी भरला की सगळ्यांचं चार्जिंग थांबतं. म्हणजे अशक्त गट दोन्ही बाजूंनी खातो. चढताना तो आधी संपतो आणि भरताना तो आधी भरतो, त्यामुळे धडधाकट बाराही गट अर्धपोटी राहतात.

आता हे पुस्तकातलं वाटेल म्हणून आमच्या दादाचं सांगतो. दादा म्हणजे माझा मामेभाऊ, राहतो लोणावळ्यात, नोकरी खोपोलीला. दुचाकीला एक्सप्रेसवे बंद, म्हणून रोज जुन्या घाटानं उतरायचं आणि संध्याकाळी चढायचं. इलेक्ट्रिक स्कूटरला हे गणित उलटं पडतं. सकाळी बॅटरी भरलेली असते, त्यामुळे उतारावर ब्रेकनं तयार होणारी वीज ठेवायला आत जागाच नसते. आणि संध्याकाळी, थोडी उतरलेली असताना, साडेपाचशे मीटर चढायचे. गाडी आणि माणूस मिळून १६५ किलो धरले तर नुसतं वजन वर न्यायला पाव युनिट लागतं, मोटरमधली आणि रस्त्यावरची तूट धरली की त्याहून बरंच जास्त. दादाची बॅटरी दीड युनिटची.

तीन पावसाळे गाडी छान चालली. मग एका संध्याकाळी ती घाटात बंद पडली, तेव्हा डिस्प्लेवर ४५ टक्के चार्ज दिसत होता. दहा मिनिटांनी आपोआप सुरू झाली, आणि अर्ध्या किलोमीटरवर परत बंद. विक्रेत्यानं (नाव लिहीत नाही) लॅपटॉप लावला आणि "बॅटरी गेली, नवी घ्या" असं सांगितलं. वॉरंटी संपलेली. किंमत ऐकून वहिनींनी "मग जुनी पेट्रोलचीच काय वाईट होती" हा प्रश्न विचारला, आणि त्यात तथ्य होतं. दादानं विचारलं, कुठला भाग गेलाय तेवढं तरी सांगा. त्यावर उत्तर आलं की ते कंपनीला कळतं, आम्हाला दिसत नाही.

मग वडगावच्या एका बॅटरी दुरुस्तीवाल्याकडे गेलो. मी मुद्दाम सोबत गेलो होतो, कारण मला बघायचं होतं. त्यानं आधी बॅटरी पूर्ण चार्ज करून रात्रभर ठेवली, मग पेटी उघडून तेरा आकडे एका वहीत लिहिले. सगळे ४.१ च्या वर, नवव्यात जेमतेम दोन शतांश व्होल्टचा फरक. मी म्हटलं, सगळे तर ठीक दिसतायत. तो म्हणाला, "उभ्या गाडीत सगळे सेल शहाणेच दिसतात, साहेब." मग बॅटरी निम्मी उतरवून त्यानं मोठा लोड लावला, म्हणजे आपल्या दुकानातच घाट तयार केला म्हणा. बारा गट ३.६ वर राहिले आणि नववा २.९ वर आला. घाटात तो आणखी थोडा खाली गेला की बीएमएस दार लावून घेत होता. लोड काढला, आणि थोड्या वेळानं तोच नववा पुन्हा शहाणा. दहा मिनिटांचं कोडं तिथे सुटलं. डिस्प्लेला हे का कळलं नाही तेही कळलं. सगळ्या बॅटरीचे ४६.८ व्होल्ट असायचे ते ४६.१ झाले होते. तेरा जणांच्या बेरजेत एकाचं आजारपण दिसतच नाही.

नवव्या गटातल्या बारापैकी चार सेलच्या निकेलच्या पट्ट्यांचे टाके गंजून सुटले होते. उरलेले आठ सेल बाराचं काम करत होते आणि त्यामुळे लवकर म्हातारे झाले होते. लोणावळ्याला वर्षाला साधारण चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यामुळे गंज कुठून आला याचा तपास कुणी केला नाही. बाकीचे बारा गट त्यानं आठ दिवस नुसते ठेवून परत मोजले, कुठला आतल्या आत उतरतोय का ते बघायला. नवे सेलही क्षमता मोजून, एकमेकांशी जुळणारेच बसवले.

आता दुसरी बाजू. २६ मार्च २०२२ ला पुण्यात लोहगाव भागात रस्त्याकडेला उभी असलेली एक इलेक्ट्रिक स्कूटर पेटली आणि तो व्हिडिओ देशभर फिरला. त्या उन्हाळ्यात आणखीही गाड्या पेटल्या, सरकारनं समिती नेमली, आणि डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत बॅटरीचे नियम कडक झाले. त्यामुळे कंपन्या पेटी सीलबंद ठेवतात यात फक्त लबाडी आहे असं मी म्हणणार नाही. वडगावच्या दुकानात मी भिंतीला पाठ लावून उभा होतो हेही खरं. घरी कुणी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसू नये, विशेषतः आमच्या कुटुंबातल्या उत्साही मंडळींनी.

पण पेटी उघडणं वेगळं आणि आकडे दाखवणं वेगळं. ते तेरा आकडे बीएमएसला दर क्षणी माहीत असतात. म्हणजे हायड्रोमीटर आता बॅटरीच्या आतच बसवलेला आहे, पण वाचायची काच मालकाकडे दिलेली नाही. कुठला गट किती मागे पडतोय हे गाडीच्या ॲपवर दाखवायला एकही स्क्रू काढावा लागत नाही, आणि आगीचा धोकाही वाढत नाही. उलट मागे पडणारा गट मालकाला आधी दिसला तर त्याचं निदान वेळेत होईल. जुन्या बॅटरीवाल्यासमोर उभं राहून आम्ही हायड्रोमीटरमधला तरंगता काटा स्वतः बघायचो, तेव्हा "बॅटरी गेली" म्हणणाऱ्याला कुठला सेल ते बोटानं दाखवावं लागायचं.

दादाच्या गाडीला वडगाववाल्यानं ब्लूटूथचा बीएमएस बसवून दिला. आता दर पहिल्या तारखेला, घाट चढून घरी आल्या आल्या, दादा मोबाइलवर तेरा आकडे बघतो आणि वहिनींच्या दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहितो. नववा उत्तम आहे. गेल्या दोन महिन्यांत पाचवा थोडा मागे पडायला लागलाय.