शिकागो शहराचा ध्वज

अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील शिकागो महानगराचा अधिकृत ध्वज. पांढऱ्या कापडावर दोन फिकट निळे आडवे पट्टे आणि मधल्या पांढऱ्या पट्ट्यात ओळीने सहा टोकांचे चार लाल तारे, अशी त्याची रचना आहे. लेखक वॉलेस राइस यांची ही रचना नगरपरिषदेने १९१७ मध्ये स्वीकारली. त्या वेळी तारे दोनच होते.

तीन पांढरे पट्टे शहराचे उत्तर, पश्चिम व दक्षिण हे भाग दर्शवतात. वरचा निळा पट्टा मिशिगन सरोवर व शिकागो नदीची उत्तर शाखा, तर खालचा नदीची दक्षिण शाखा व मोठा कालवा सुचवतो. कालव्याला ध्वजावर स्थान मिळावे हे योग्यच. शहराला पिण्याचे पाणी देणाऱ्या सरोवरात सांडपाणी जाऊ नये म्हणून १९०० मध्ये याच कालव्याने नदीचा प्रवाह उलटा फिरवला होता.

ध्वजाचे खरे वैभव ताऱ्यांत आहे. पाच टोकांचा तारा सार्वभौम राज्यांचे चिन्ह मानला जात असल्याने राइस यांनी मुद्दाम सहा टोके निवडली. मूळच्या दोन ताऱ्यांपैकी एक १८७१ च्या महाआगीचा. त्या आगीत सुमारे ३०० माणसे दगावली आणि एक लाखाच्या आसपास लोक बेघर झाले. एवढा मोठा घाव शहराने झाकला नाही, मानाने ध्वजावर मिरवला. असे धैर्य नगरध्वजांत विरळा. या ताऱ्याची सहा टोके धर्म, शिक्षण, सौंदर्यदृष्टी, न्याय, परोपकार व नागरी अभिमान यांची आहेत. दुसरा तारा १८९३ च्या कोलंबियन जागतिक प्रदर्शनाचा. स्वामी विवेकानंदांनी गाजवलेली सर्वधर्मपरिषद याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती, त्यामुळे भारतीय वाचकाला हा तारा परका वाटू नये.

तिसरा तारा १९३३ मध्ये, त्या वर्षी भरलेल्या ‘शतकाची प्रगती’ प्रदर्शनासाठी जोडला गेला. चौथा, फोर्ट डिअरबॉर्न या १८०३ मधील लष्करी ठाण्याचा, १९३९ मध्ये आला. पण घटनाक्रम राखण्यासाठी त्याला दांड्याकडून पहिली जागा दिली गेली.

उत्तर अमेरिकी ध्वज-अभ्यासकांच्या संघटनेने २००४ मध्ये घेतलेल्या पाहणीत अमेरिकी नगरध्वजांमध्ये हा वॉशिंग्टनखालोखाल दुसरा ठरला. शिकागोत तो सरकारी इमारतींपुरता उरलेला नाही; लोक तो घरांवर लावतात, अंगावर गोंदवूनही घेतात. पाचव्या ताऱ्याच्या सूचना वेळोवेळी झाल्या. शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर हॅरॉल्ड वॉशिंग्टन यांच्या स्मरणार्थ तो जोडावा, ही त्यांपैकी एक.