आपली आष्टी कुठली?

2015 साली पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी कॉलेजच्या कम्युनिटी रेडिओवर इंटर्न म्हणून लागलो. लायसन्स संस्थेचं, पण कार्यक्रम सगळे पोरंपोरीच करायचे. माझा मराठवाडी हेल ऐकून सीनियरने मला माइकपासून लांब, केबली गुंडाळायला बसवलं. ऑगस्टमध्ये 'छोडो भारत'वर कार्यक्रम होता. त्याची माहिती काढायचं काम मात्र माझ्याकडे आलं.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की विद्यार्थ्यांनी रेडिओ चालवणं ही काही आजची गोष्ट नाही. 9 ऑगस्ट 1942ला गांधीजींसह सगळे मोठे नेते पकडले गेले. वर्तमानपत्रांवर बंधनं आली. त्याच महिन्यात मुंबईत 22 वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी चोरून 'काँग्रेस रेडिओ' सुरू केला. लहर 42.34 मीटर. पोलिसांना माग लागू नये म्हणून ट्रान्समीटर या घरातून त्या घरात हलवायचा. राममनोहर लोहियांसारखे भूमिगत नेते त्यावरून बोलायचे. पेपरात न येणाऱ्या बातम्या इथे ऐकू यायच्या: जमशेदपूरचा संप, चिमूर आणि आष्टीतले अत्याचार.

आष्टी! मी खुर्चीतून उठलोच. लगेच घरी फोन लावला.

"आरं, ती आष्टी वर्ध्याकडली," बाबा म्हणाले. "आपली न्हाई."

खरंच होतं. 1942 साली आमची आष्टी निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात होती. परतूर तालुका जालन्यात आला तो 1981 साली. वर्ध्याच्या आष्टीत काय झालं ते मुंबईहून देशाला कळलं. आमच्या आष्टीत तेव्हा काय चाललं होतं, हे मला माझ्याच घरात कुणी सांगू शकलं नाही.

मग बाबा पाण्यावर आले. पाऊस नाही, विहिरीनं तळ गाठलाय, कापूस माना टाकतोय. मी सीनियरला म्हणालो, हेही सांगू या ना. तो म्हणाला, "बातमी होते. आपल्याला चालत नाही."

तोही खोटं बोलत नव्हता. हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असं सुप्रीम कोर्टाने 1995 साली सांगितलं. पुढे 2002च्या धोरणाने शिक्षणसंस्थांना रेडिओचं दार उघडलं. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं केंद्र 2004 साली सुरू झालं, पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी' 2005 साली. पण 2006च्या धोरणातही कम्युनिटी रेडिओला बातम्या आणि चालू घडामोडींची बंदी कायम राहिली.

उषा मेहतांकडे लायसन्स नव्हतं, म्हणून त्यांना बातमी देता आली. 12 नोव्हेंबर 1942ला धाड पडली आणि पुढे त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. आमच्याकडे लायसन्स होतं, तुरुंगाची भीती नव्हती, आणि गावात पाणी नाही एवढंही आम्ही सांगत नव्हतो.

शेवटी मी बाबांचा फोन रेकॉर्ड केला. विहीर कुणी खणली, किती हातांवर पाणी लागलं, आता दोर कुठवर सोडावा लागतो. कार्यक्रमाला नाव दिलं 'विहिरीच्या गोष्टी'. सीनियरने तो ऐकला, माझ्याकडे बघितलं आणि लावू दिला. ओळख करून द्यायला माइकवर मीच बसलो, माझ्या हेलासकट.

आमचा ट्रान्समीटर जेमतेम पुण्याच्या काही भागात ऐकू यायचा. बाबांनी आपलाच आवाज नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर ऐकला. म्हणाले, "आपली आष्टी कुठली, ते सांगितलंस न्हवं?"

सांगितलं होतं.