न घडलेल्या इतिहासाचा इतिहास

इतिहासाच्या अभ्यासकाला 'जर' आणि 'तर' ह्या दोन शब्दांचे वावडे असते. जे घडले त्याचा कार्यकारणभाव लावावा, जे घडले नाही त्याच्या वाटेला जाऊ नये, अशी त्या शास्त्राची शिस्त आहे. पण सामान्य माणसाचे मन ही शिस्त मानीत नाही. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर विश्वासराव पडले नसते तर काय झाले असते, हा प्रश्न महाराष्ट्रातल्या किती पिढ्यांनी स्वतःला विचारला असेल! राष्ट्राचे जे, तेच घराघरांतले. ती नोकरी पत्करली असती तर, ते गाव सोडले नसते तर. ह्या 'तर'च्या पलीकडे माणसाने जी जगे कल्पिली आणि त्या जगांत स्वतःची जी दुसरी रूपे पाहिली, त्यांचाही एक इतिहास आहे. आज त्याविषयी दोन शब्द बोलावयाचे आहेत.

निमित्त एका कादंबरीचे आहे. ब्लेक क्राउच ह्या अमेरिकन लेखकाची 'डार्क मॅटर' ही रहस्यप्रधान कादंबरी 2016 साली प्रसिद्ध झाली. शिकागो शहरातील जेसन डेसन हा पदार्थविज्ञानाचा एक साधा प्राध्यापक तिचा नायक आहे. तरुणपणी त्याच्यापुढे मोठ्या संशोधनाची वाट होती. परंतु पंधरा वर्षांपूर्वी त्याने ती सोडून डॅनिएला आणि तिच्या पोटातले मूल ह्यांची निवड केली. एके रात्री एक मुखवटाधारी इसम त्याला पिस्तुलाच्या धाकाने पळवून नेतो. जेसन शुद्धीवर येतो तो निराळ्याच जगात. तेथे लोक त्याला थोर शास्त्रज्ञ म्हणून ओळखतात. पण तेथे त्याचे लग्न झालेले नाही आणि त्याचा मुलगा जन्मालाच आलेला नाही. त्याला पळवणारा कोण, ह्याचा उलगडा हळूहळू होतो. तोही जेसनच आहे. संशोधनाच्या वाटेने गेलेला, कीर्ती मिळवलेला आणि न केलेल्या संसारासाठी झुरणारा दुसरा जेसन.

ही कल्पना विज्ञानयुगातली वाटते खरी, पण तिचे कूळ फार जुने आहे. 'अनंत कोटी ब्रह्मांडे' हा शब्दप्रयोग आपल्या कानांना परका नाही. योगवासिष्ठातील लीलोपाख्यान तर ह्या कादंबरीचे पूर्वज शोभावे असे आहे. पद्म नावाचा राजा मरण पावतो. त्याची शोकाकुल राणी लीला सरस्वतीच्या कृपेने त्याच्या शोधात निघते आणि त्याच मंडपाच्या आकाशात सामावलेले दुसरे जग पाहते. तेथे तिचा पती विदूरथ नावाने राज्य करीत असतो, आणि त्याच्या शेजारी असते हुबेहूब तिच्यासारखी दुसरी लीला. परंतु वसिष्ठ रामाला ही कथा सांगतात ती आसक्ती सुटावी म्हणून. सारीच जगे जर चित्तातून उमटलेली, तर एकासाठी झुरावे कशाला, असा तिचा रोख आहे.

युरोपात हा विचार निराळ्या अंगाने आला. लायबनिट्झ हा जर्मन तत्त्वज्ञ आणि गणिती. ईश्वर दयाळू आणि सर्वसमर्थ असताना जगात पाप का, ह्या प्रश्नाने त्याला ग्रासले होते. 1710 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'थिओडिसी' ह्या ग्रंथाच्या शेवटी त्याने एक रूपककथा घातली आहे. थिओडोरस नावाच्या पुजाऱ्याला स्वप्नात पॅलास देवी दैवाचा महाल दाखवते. त्या महालाचा आकार पिरॅमिडसारखा. वर निमुळते शिखर, खाली मात्र तळच नाही. प्रत्येक दालनात एक संभाव्य जग, आणि प्रत्येकात सेक्स्टस टार्क्विनियस ह्या रोमन राजपुत्राची वेगळी जीवनकथा. एका दालनातला सेक्स्टस लहानशी बाग विकत घेऊन सुखाने राहतो. दुसऱ्यातला परदेशी राजकन्येशी विवाह करून राज्य मिळवतो. शिखरावरच्या दालनात मात्र तो रोमला परत जातो आणि ल्युक्रीशियावर बलात्कार करतो. ते आपले जग. त्या पापातून पुढे राजसत्ता उलथली आणि रोमचे वैभव उदयाला आले, म्हणून सर्वांत चांगले तेच, असा लायबनिट्झचा निर्वाळा. बाकीची दालने ईश्वराच्या बुद्धीत आहेत. त्यांत कोणी खरोखर राहत नाही. ल्युक्रीशियाला हा हिशेब पटला असता काय, हे त्याने विचारले नाही.

ह्या रिकाम्या दालनांत माणसे राहावयास आली ती एकोणिसाव्या शतकात, आणि त्यांना तेथे आणून वसवणारा होता एक कैदी. लुई ओग्युस्त ब्लाँकी हा फ्रेंच क्रांतिकारक. त्याच्या आयुष्याची तीस वर्षांहून अधिक वर्षे तुरुंगात गेली. 17 मार्च 1871 रोजी त्याला पुन्हा अटक झाली, आणि दुसऱ्याच दिवशी पॅरिसमध्ये उठाव झाला. ज्या क्षणासाठी हा माणूस जन्मभर झटला तो क्षण आला तेव्हा हा बंदिवान! कम्यूनने त्याच्या बदल्यात आपल्या ताब्यातील ओलीस सोडण्याची तयारी दाखवली. सरकारने ती नाकारली. ब्रिटनी प्रांताच्या किनाऱ्याजवळ समुद्रात असलेल्या तोरो नावाच्या किल्ल्यात त्याला ठेवण्यात आले, आणि तेथे ह्या सहासष्ट वर्षांच्या वृद्धाने राजकारण सोडून ताऱ्यांवर पुस्तक लिहिले. ते 1872 साली प्रसिद्ध झाले.

त्याचा युक्तिवाद सरळ होता. मूलद्रव्ये मोजकी, म्हणून त्यांच्या रचनांचे प्रकारही मोजकेच. अवकाश मात्र अनंत. तेव्हा त्याच त्या रचना पुनःपुन्हा झाल्याच पाहिजेत. म्हणजे आपल्या पृथ्वीसारख्या अगणित पृथ्व्या, आपल्यासारखी अगणित माणसे, आणि येथे आपण न घेतलेली प्रत्येक वाट तेथे कोणीतरी आपलाच प्रतिरूप चालत असणार. कुठल्या तरी पृथ्वीवर ब्लाँकी मुक्त असेल, त्याचा पक्ष विजयी झाला असेल. पण ह्या विचारातून त्याला सांत्वन लाभले नाही. सर्व काही सर्वत्र घडतच असेल तर प्रगतीला अर्थ उरत नाही, हे त्याच्या ध्यानात आले आणि पुस्तकाचा शेवट खिन्न झाला. 1879 साली तो सुटला आणि ह्याच पृथ्वीवर, ह्याच पॅरिसमध्ये पुन्हा सभा गाजवू लागला. 1881 च्या पहिल्याच दिवशी त्याचा मृत्यू झाला.

पुढचे पाऊल गणिताचे. अणूच्या आतील सृष्टीचे नियम असे की, कण पाहिला जाईपर्यंत त्याच्या अनेक अवस्था एकाच वेळी संभवतात. पाहताच एकच हाती लागते. मग उरलेल्या गेल्या कोठे? प्रिन्स्टन विद्यापीठातील ह्यू एव्हरेट ह्या तरुणाने 1957 साली उत्तर दिले की, त्या कोठेच गेल्या नाहीत. पाहणाराही समीकरणाचा भाग धरला, तर प्रत्येक शक्यतेबरोबर त्याचीही एकेक शाखा निघते. ब्राइस डिविट ह्या शास्त्रज्ञाने हरकत घेतली की, आपली शाखा फुटल्याचे आपल्याला जाणवत नाही. एव्हरेटचे उत्तर असे की, पृथ्वी फिरते हेही कोणाला जाणवत नाही, आणि म्हणूनच लोकांनी कोपर्निकसला विरोध केला. 1959 साली तो कोपनहेगनला नील्स बोर ह्यांना भेटला. त्या भेटीतून काही निष्पन्न झाले नाही. तोवर त्याने विद्यापीठ सोडून अमेरिकेच्या संरक्षण खात्यात काम धरले होते. अणुयुद्ध झाल्यास किरणोत्सारी धुळीने किती माणसे मरतील, ह्याचे गणित मांडण्यात ह्या अनंत जगांच्या प्रवर्तकाचा सहभाग होता. पूर्वी हरकत घेणाऱ्या डिविट ह्यांनीच 1970 साली त्याचा सिद्धांत जगापुढे आणला. 1982 साली, वयाच्या 51 व्या वर्षी एव्हरेट वारला.

येथे एक गोष्ट ध्यानी ठेवली पाहिजे. एव्हरेटच्या सिद्धांतात एका शाखेतून दुसऱ्या शाखेत जाण्याची सोय नाही. ती सोय कथाकारांनी केली, आणि ती होताच प्रश्नाचे स्वरूप पालटले. दुसरे जग आहे की नाही, हा प्रश्न मागे पडला. तेथे गेल्यास काय गमवावे लागेल, हा पुढे आला.

मराठीत हा प्रश्न डॉ. जयंत नारळीकर ह्यांनी मांडला. 'गंगाधरपंतांचे पानिपत' ह्या त्यांच्या कथेतील इतिहासाचे प्राध्यापक अपघात होऊन मराठे पानिपतावर जिंकलेल्या जगात जाऊन पोहोचतात. तेथे विश्वासरावांना गोळी चाटून जाते, आणि तेवढ्या फरकाने हिंदुस्थानचा पुढचा सारा इतिहास बदलतो. देश पारतंत्र्यात जातच नाही. ज्या स्वप्नासाठी आपण पिढ्यान् पिढ्या उसासे टाकले ते तेथे साकार झालेले आहे. पण त्या जगातल्या मुंबईत गंगाधरपंत आपल्या मुलाच्या कचेरीत चौकशी करतात, तेव्हा त्या नावाचा कोणीही तेथे नोकरीस नाही असे उत्तर मिळते. राष्ट्राला विजय मिळाला आहे. बापाला मुलगा सापडत नाही.

क्राउच ह्यांची कादंबरी हीच वेदना टोकाला नेते. जेसन अनेक जगांची दारे उघडीत अखेर आपल्या घरी पोहोचतो. पण वाटेतल्या प्रत्येक निर्णयागणिक त्याच्याही शाखा फुटलेल्या असतात. त्यामुळे त्याच डॅनिएलासाठी आणि त्याच चार्लीसाठी तळमळणारे असंख्य जेसन एकाच शहरात येऊन थडकतात. आठवणी त्याच, प्रेमही तेच. मग घरावर हक्क कोणाचा? ह्या पेचाचा शेवट वाचकाने मुळातूनच वाचावा. एवढे मात्र म्हणता येईल की, भूतकाळातील पुण्याई कोणाच्याही कामी येत नाही, कारण ती सर्वांची सारखीच आहे. आता, ह्या घटकेला, कोण कसा वागतो एवढ्यावरच निवाडा होऊ शकतो.

लायबनिट्झच्या महालापासून येथवर तीन शतके झाली. ईश्वराच्या न्यायाचे समर्थन करण्यासाठी कल्पिलेल्या दालनांत पुढे पराभूत क्रांतिकारक डोकावला, गणिती डोकावला, शेवटी चुकल्या वाटेची हळहळ वाहणारे तुमच्याआमच्यासारखे गृहस्थ शिरले. इतिहासाने 'जर-तर' करू नये हे खरे; तरी केलेच, तर त्याचे मोलही पुरते मोजावे. बदललेला इतिहास मागणारा माणूस त्या इतिहासातून जन्मलेली आपली माणसेही परत करीत असतो. पानिपतानंतर जी घराणी उत्तरेत, दक्षिणेत, देशोदेशी पांगली, त्यांच्याच वंशातले काहीजण हे भाषण ऐकत असतील. तो दिवस निराळा उजाडला असता, तर आज त्यांच्या घरी जी मुले निजली आहेत त्यांची नावे कोणत्याच वहीत सापडली नसती.