ठाऊक असलेला शेवट

रहस्यपटाविषयीं आपल्याकडील सुशिक्षित मंडळींचा एक ठराविक आक्षेप असा कीं, शेवट आधींच कळला म्हणजे चित्रपट वायां गेला. जुन्या इंग्रजी रहस्यपटांवर तर हा आक्षेप हमखास घेतला जातो. खुनी कोण हें मध्यंतरापूर्वींच ओळखतां येतें, आणि मग उरलेला वेळ केवळ तिकिटाचे पैसे वसूल करण्यासाठीं बसावयाचें, असें पुष्कळांस वाटतें. शेवट कळतो, ही गोष्ट आम्हांसही मान्य आहे. परंतु तो कां कळतो, आणि कळल्यावर पाहणाऱ्याच्या मनाचें काय होतें, ह्या दोन गोष्टी कोणी फारशा तपासून पाहिलेल्या दिसत नाहींत.

उदाहरण अगदीं आरंभींचें घेऊं. १८८८ सालीं लंडनच्या पूर्व भागांत कित्येक बायकांचे निर्घृण खून झाले व त्यांचा कर्ता कधींच सांपडला नाहीं. त्या प्रकरणाच्या छायेंत मेरी बेलॉक लाउंड्स ह्या लेखिकेनें ‘द लॉजर’ ही कादंबरी लिहिली व ती १९१३ सालीं पुस्तकरूपानें निघाली. ओढग्रस्तीला आलेल्या एका जोडप्याच्या घरीं एक विक्षिप्त भाडेकरी राहावयास येतो. घरधनिणीला हळूहळू संशय येऊं लागतो कीं, ज्याच्या नांवानें सारें शहर भयभीत झालें आहे तो हाच. आणि तरीही ती तोंड उघडीत नाहीं. कादंबरींतला भाडेकरी खरोखरच खुनी आहे. ह्याच कादंबरीवर आल्फ्रेड हिचकॉक ह्या तिशीच्या आंतल्या दिग्दर्शकानें मूकपट काढला, तो १९२७ च्या फेब्रुवारींत लोकांपुढें आला. पण ह्या चित्रपटांतला भाडेकरी मात्र निर्दोष ठरतो! तो खुन्याच्या शोधांत फिरणारा, त्याच खुन्यानें मारलेल्या एका मुलीचा भाऊ असतो.

हा पालट कां झाला? भाडेकऱ्याची भूमिका आयव्हर नोव्हेलो ह्यानें केली होती. हा वेल्स प्रांतांतल्या कार्डिफचा. पहिल्या महायुद्धांत घरोघर म्हटल्या गेलेल्या एका गीताचा संगीतकार, दिसावयास अत्यंत देखणा, आणि त्या काळच्या इंग्रज स्त्रीवर्गाचा लाडका. असा मनुष्य खुनी निघाला तर प्रेक्षक तें सहन करणार नाहींत, हें चित्रपट काढणाऱ्या व्यापाऱ्यांस पक्कें ठाऊक होतें. पुढें १९६२ सालीं फ्रेंच दिग्दर्शक त्रुफो ह्याच्याशीं झालेल्या दीर्घ संभाषणांत हिचकॉकनें सांगितलें कीं, भाडेकरी रात्रीच्या अंधारांत निघून जावा व तो कोण होता हें कधींच कळूं नये, असा शेवट त्याला हवा होता. नटाच्या लौकिकापुढें त्याचें चाललें नाहीं. ह्याचें प्रत्यंतर पाहावयाचें तर १९३२ च्या बोलपटांत तीच भूमिका पुन्हां नोव्हेलोनेंच केली, आणि तेथेंही भाडेकरी निर्दोषच. पण १९४४ सालीं अमेरिकेंत हीच गोष्ट लेअर्ड क्रेगर ह्या धिप्पाड, खलभूमिकांत शोभणाऱ्या नटाला घेऊन काढली, तेव्हां भाडेकरी बिनदिक्कत खुनी झाला. म्हणजे चित्रपटाचा शेवट कथेंत ठरलेला नव्हता, तो जाहिरातीवरच्या चेहऱ्यांत ठरलेला होता. प्रेक्षकाला शेवट कळतो तो त्याच्या तर्कशक्तीमुळें नव्हे; व्यापाराची ही रीत त्याच्या अंगवळणीं पडलेली असते म्हणून.

मिठागरांच्या व खाडीच्या कडेनें वाढलेल्या आमच्या मीरा-भाईंदरांत आतां जुने चित्रपट घरोघर दिसूं शकतात. अशाच एका घरीं हा मूकपट पाहण्याचा योग आम्हांस आला. धुक्यांतून गळपट्ट्यानें अर्धें तोंड झांकलेला नोव्हेलो दारांत उभा राहतो, तोंच घरांतल्या आजी म्हणाल्या, “अहो, हा नव्हे खुनी. किती छान आहे दिसायला!” सर्व मंडळी हंसलीं. परंतु आजी त्यानंतर जागच्या हलल्या नाहींत, आणि शेवटीं जमाव त्या मुलाच्या मागें लागला तेव्हां त्यांनीं पदर तोंडाशीं धरला, हें आम्हीं नीट पाहिलें.

हिचकॉकच्या खंतीशीं आमचा मतभेद आहे तो येथें. भाडेकरी माडीवर येरझारा घालतो, त्याचें पाऊल मूकपटांत ऐकूं येणार कसें? म्हणून दिग्दर्शकानें जाड कांचेची जमीन करविली व तिच्यावरून चालणारीं पावलें खालून दाखविलीं. ही युक्ति पुष्कळ नांवाजली गेली आहे. पण आमच्या मतें चित्रपटाचें खरें मर्म पुढें आहे. हातांत बेड्या असलेला तो तरुण पळतां पळतां लोखंडी कठड्यावर अडकून लोंबूं लागतो, आणि दारूच्या दुकानांतून निघालेला जमाव त्याच्यावर तुटून पडतो. तो खुनी आहे कीं नाहीं ह्याची शंका आपल्या मनांत शिल्लक असती, तर आपण त्या जमावाबरोबरच धांवत असतों. तो निर्दोष आहे हें ठाऊक असल्यामुळें जमावाचेंच भय वाटूं लागतें. खुनी कोण हा प्रश्न मागें पडतो आणि खुनी समजून माणसें काय करतील हा प्रश्न पुढें येतो. हिचकॉकला हवा असलेला शेवट अधिक चतुर झाला असता हें खरें. अधिक भयंकर झाला असता, असें आम्हांस वाटत नाहीं.

आपल्या लोकांस तर ही गोष्ट नवीन नव्हे. कीर्तनांत सीतास्वयंवर लागलें म्हणजे धनुष्य कोण मोडणार हें ऐकावयास कोणी बसत नाहीं. अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘सौभद्र’ १८८२ सालीं रंगभूमीवर आलें तेव्हां त्रिदंडी संन्यासी हा अर्जुन आहे हें पिटांतल्या पोरालाही माहीत होतें. माहीत नव्हतें तें एकट्या सुभद्रेला व बलरामाला, आणि सगळी गंमत त्यांतच होती. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा रात्रभर जागून वाचणाऱ्यांपैकीं झुंझार मरेल अशी धास्ती कितीजणांनीं खरोखर घेतली असेल?

सगळ्याच ठिकाणीं हें साधतें असें मात्र नाहीं. अगाथा ख्रिस्ती बाईंच्या १९३९ च्या कादंबरींत एका बेटावर जमलेलीं दहाही माणसें मरतात. १९४३ सालीं त्याचें नाटक करतांना खुद्द लेखिकेनेंच शेवट बदलून एक तरुण व एक तरुणी वांचविलीं. १९६५ च्या इंग्रजी चित्रपटानें हाच बदललेला शेवट घेतला, आणि शेवटाच्या आधीं एक मिनिट पडद्यावर घड्याळ दाखवून प्रेक्षकांस खुनी ओळखण्याचें आव्हान दिलें! त्याच वर्षीं राजा नवाथे ह्यांनीं त्या धर्तीवर हिंदींत ‘गुमनाम’ काढला. त्यांतही नायक-नायिका वांचतात, व नायक पोलीस अंमलदार निघतो. येथें शेवट ठाऊक असल्यानें पाहणाऱ्याला कांहींच नवें मिळत नाहीं. माणसें एकामागून एक कमी होतात, मधून मधून गाणीं होतात, आणि गाणीं चांगलीं आहेत.

ह्याच्या उलट त्याच्या आदल्या वर्षींचा, १९६४ चा, राजा परांजपे ह्यांचा ‘पाठलाग’ घ्यावा. जयंत देवकुळे ह्यांच्या ‘आशा परत येते’ ह्या कादंबरीवरून तो काढलेला. एका वकिलाची पत्नी त्याच्या समक्ष मरण पावते, तिचें दहन होतें; आणि पुढें पोलीस दरोडेखोरांच्या टोळींतली म्हणून एक बाई पकडतात, ती हुबेहूब त्या पत्नीसारखी! ‘मीच तुमची आशा’ असें ती सांगते. वकील ही गोष्ट मान्य कशी करणार? चितेवर ठेवलेली पत्नी त्यानें डोळ्यांनीं पाहिलेली. पत्नीची भूमिका भावना ह्या नटीनें केली होती, वकिलाची काशिनाथ घाणेकरांनीं. नायिका दरोडेखोर निघणार नाहीं हें प्रेक्षकाला पहिल्या घटकेंतच उमगतें, आणि दोन सारखे चेहरे दिसले कीं जुळ्या बहिणींपर्यंत पोंचावयास फार वेळ लागत नाहीं. शेवट तसाच आहे.

पण मधला भाग पाहावा. न्यायालयांत तो तिला खोटी ठरवूं पाहतो, आणि ती एकामागून एक अशा आठवणी सांगत जाते कीं ज्या पतिपत्नींवांचून तिसऱ्याला ठाऊक असणें शक्य नाहीं. ती खरें बोलते आहे हें आपण ओळखून बसलों आहों. त्यामुळें तो विचारील तो प्रत्येक प्रश्न आपणांस उलटतपासणीचा वाटतच नाहीं. मृत पत्नीवरील प्रेमापोटीं एक सज्जन मनुष्य आपल्याच जिवंत पत्नीला चारचौघांत फाडून काढतो आहे, असें दिसूं लागतें. त्याचें प्रेम जितकें खरें, तितका त्याचा घाव खोल. संसारांतल्या खाजगी गोष्टी भरल्या न्यायालयांत बोलाव्या लागणाऱ्या त्या बाईची लाज व चीड पाहणाऱ्याला कळते ती केवळ तिचा खरेपणा आपणांस आधींपासून पटलेला असल्यामुळें. शेवट खरोखर गुप्त राहिला असता तर आपणही त्या वकिलाच्या बाजूनें पुरावे मोजीत बसलों असतों. आमच्या मतें परांजपे ह्यांचा हा चित्रपट ह्या एका गोष्टींत हिचकॉकच्या मूकपटाच्याही पुढें जातो, कारण येथें छळणारा जमाव परका नाहीं. तो घरचाच एक माणूस आहे.

पुढें १९६६ सालीं राज खोसला ह्यांनीं हीच कथा ‘मेरा साया’ ह्या नांवानें हिंदींत आणली. साधना व सुनील दत्त हीं त्यांत होतीं. मुंबईचा जो मराठी प्रेक्षक दोन वर्षांपूर्वीं ‘पाठलाग’ पाहून आला होता, त्याला आतां अंदाजाचीही गरज नव्हती; जुळी बहीण कोठें, केव्हां व कशी येणार हें तो शेजाऱ्याला सांगूं शकत होता. तरीही तो तिकीट काढून गेला, आणि न्यायालयाचा प्रवेश सुरू होतांच शेजाऱ्याला गप्प बसावयास सांगूं लागला.