कलायखंज
कलायखंज (लॅथिरिझम) : लाख (लाखोळी) या कडधान्याच्या दीर्घकाळ व अतिरेकी सेवनाने होणारा पायांचा ताठर स्वरूपाचा अंगघात. सुश्रुतसंहितेत या नावाचा वातविकार वर्णिलेला असून त्यात रोगी चालू लागताच थरथरतो व लंगडतो, असे म्हटले आहे.

मध्य भारतातील सागर परिसरात १८२९ पासून तीन वर्षे गारपीट, अवर्षण व तांबेरा यांमुळे गहू बुडाला. लाख मात्र भरपूर पिकली. तिच्यावर जगलेल्या गावांत १८३३ पासून तरुण माणसे कमरेखाली पांगळी होऊ लागल्याचे ब्रिटिश अधिकारी डब्ल्यू. एच. स्लीमन यांनी १८४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नोंदविले आहे. लॅथिरिझम ही संज्ञा कांतानी या इटालियन वैद्याने १८७३ मध्ये रूढ केली.

महाराष्ट्रात हे पीक मुख्यतः पूर्व विदर्भाच्या भातपट्ट्यात धानाच्या उरलेल्या ओलीवर घेतात. इतर पिके बुडाली तरी ते तगते. त्यामुळे दुष्काळात गरिबांच्या आहारात तेच उरते.

लाखेतील ओडॅप हे विषारी ॲमिनो अम्ल राव, आडिगा व सरमा या भारतीय शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये वेगळे केले. ते मेंदू व मेरुरज्जूतील प्रेरक तंत्रिका कोशिकांना अतिरेकी उद्दीपित करते. बंगलोर येथे विजयालक्ष्मी रवींद्रनाथ व सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांत (१९९८) असे आढळले की, कोशिकेचा नाश होण्यापूर्वीच तिच्यातील तंतुकणिकांमधील (ऊर्जा निर्माण करणाऱ्या सूक्ष्म घटकांमधील) पहिल्या एंझाइम-संकुलाच्या गंधकयुक्त गटांचे ऑक्सिडीभवन होऊन ते निकामी होते. लायपॉइक अम्लासारख्या ऑक्सिडीभवनरोधक द्रव्यांनी ही हानी टळते. तथापि हे संरक्षण हानीपूर्वीचे आहे. मृत तंत्रिका कोशिका त्याने परत येत नाहीत. औषधांनी स्नायूंची ताठरता काहीशी कमी होते, मात्र रोग बरा होत नाही.

म्हणून प्रतिबंध हाच खरा उपाय होय. १९६१ मध्ये लाखेच्या विक्रीवर बंदी आली. परंतु लागवड चालूच राहिली व पिकविणाऱ्याला उघड बाजारपेठ उरली नाही. महाराष्ट्राने ही बंदी २००८ मध्ये उठविली. रतन, प्रतीक, महातिवडा यांसारखे अल्पविषारी वाण उपलब्ध झाले आहेत. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून दिल्यास विषाचा बराच अंश निघून जातो. मिश्र आहारात थोड्या प्रमाणात घेतलेली लाख सहसा अपायकारक ठरत नाही. सलग दोन-तीन महिने तीच मुख्य अन्न झाल्यास धोका संभवतो. या रोगाचे निवारण त्यामुळे औषधाइतकेच दुष्काळातील धान्यपुरवठ्यावर अवलंबून आहे.