पिकाचूच्या विजेचं कूळ

मुंबईतल्या शीव कोळीवाड्यातून आज समुद्र दिसत नाही. खाडीवर भराव पडला, हार्बर लाइनवरच्या कोळीवाडा स्टेशनाचं गुरु तेग बहादूर नगर झालं आणि फाळणीनंतर इथं वसलेल्या पंजाबी मंडळींच्या तळलेल्या कोळंबीनं वस्तीचं नाव देशभरच्या मेन्यूकार्डांवर नेलं. पण ज्या कोळ्यांवरून या वस्तीला नाव मिळालं, त्यांच्या अरबी समुद्रात एक मासा राहतो. इथल्या नातवंडांना ठाऊक असलेल्या पिवळ्या पिकाचूचं कूळ शोधत गेलं की शेवटी त्या माशापाशीच पोचावं लागतं.

मासा पाखटाच्या गोतातला. अंग गोल, मऊ, शेपटीला काटा नाही. दिवसभर स्वतःला वाळूत पुरून घेतो. छोटा मासा जवळून गेला की झेप घेऊन त्याला अंगाखाली दाबतो आणि वीज सोडतो. डोक्याच्या दोन्ही अंगांना मूत्रपिंडाच्या आकाराचे दोन अवयव असतात. त्यांत षटकोनी स्तंभ आणि प्रत्येक स्तंभात चपट्या पेशींची चवड. या पेशी मूळच्या स्नायूच्या. आकुंचन पावणं त्यांनी सोडलं आणि फक्त वीज करणं ठेवलं. एकेका पेशीची वीज किरकोळ, पण सगळ्या एकाच क्षणी सुटतात. अटलांटिकमधल्या मोठ्या जातीत ती दोनशे व्होल्टच्या पुढे जाते.

ओल्या दोरीतून आणि काठीतूनही या माशाचा झटका हाताला बसतो, हे प्राचीन ग्रीकांना माहीत होतं. पहिल्या शतकात स्क्रिबोनियस लार्गस हा रोमन वैद्य संधिवाताच्या रोग्याला जिवंत माशावर पाय ठेवायला लावी. १७७२ मध्ये जॉन वॉल्शनं फ्रान्सच्या ला रोशेल बंदरात प्रयोग करून ही वीजच आहे असं मांडलं. कॅव्हेंडिशनं तर चामड्याचा नकली मासा करून मिठाच्या पाण्यात बुडवला आणि त्याचे झटके लोकांना देऊन दाखवले. १८०० मध्ये व्होल्टानं पहिली बॅटरी जाहीर केली, तेव्हा तिचं वर्णन त्यानं ‘कृत्रिम विद्युत अवयव’ असंच केलं. आपल्या खिशातल्या मोबाइलच्या बॅटरीची वंशावळ या वाळूतल्या माशापर्यंत जाते, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पिकाचू जन्मला १९९६ मध्ये, जपानच्या गेम फ्रीक कंपनीच्या पोकेमॉन या व्हिडिओ गेममध्ये. चित्रकार अत्सुको निशिदा यांच्या मनात आधी दाईफुकु होतं, म्हणजे सारण भरलेली तांदळाची गोल मिठाई. पुढे खारीसारखे गाल आले आणि वीज त्या गालांत साठवायची ठरली. अंगातच बॅटरी ही कल्पना मात्र माशाची.

इथं एक अडचण होती. जोरदार झटका देणारे सगळे प्राणी पाण्यातले आहेत, कारण पाणी वीज वाहून नेतं आणि हवा तिला अडवते. पिकाचूनं जमिनीवर उभं राहून गालातली वीज समोरच्यापर्यंत पोचवायची कशी? मासाहिरो साकुराई यांच्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’मध्ये, जानेवारी १९९९ पासून, याचं उत्तर दिसतं. मारिओ, लिंक अशा वेगवेगळ्या खेळांतल्या पात्रांची ही दंगल. इथं प्राण संपवायचे नसतात. मार खाल्ला की टक्के चढतात, आणि जितके टक्के जास्त तितका गडी लांब उडतो. त्याला मैदानाबाहेर फेकलं की झालं. अशा नियमात हलक्या पिकाचूनं चपळाई धरली. त्याची ठिणगी जमिनीवरून टप्पे घेत जाते, कडेवरून वळून खाली उतरते, जणू जमीनच तिची तार. ‘क्विक अटॅक’मध्ये तो एका दमात दोन दिशांना झपकन जातो. आणि ‘थंडर’मध्ये ढगातून वीज उभी खाली येते, ती पिकाचूच्याच अंगावर पडली तर त्याच्याभोवती स्फोट होऊन शत्रू उडतो. हा डाव मला सर्वांत अस्सल वाटतो. हवेला भेदून जमिनीवर येणारी निसर्गातली वीज आभाळातलीच, आणि तीच त्यांनी माशाच्या बॅटरीला जोडली. याच मालिकेतल्या २००१ च्या ‘मेली’त पिचू नावाचं पिल्लू आलं. स्वतःच्या विजेनं त्याला स्वतःलाच इजा होते.

मूळ पोकेमॉन खेळात विजेचा मार पाण्यातल्या पोकेमॉनांवर दुप्पट बसतो. निसर्गात वीज सोडणाऱ्या प्राण्यांचं घरच पाण्यात, म्हणून हा उलटा न्याय मला खटकत असे. २०१० मध्ये स्टनफिस्क हा पोकेमॉन आला: चपटा, चिखलात पुरून पडलेला, पाय पडला की झटका देणारा. आपल्या समुद्रातल्या माशाची चाल त्यानं बरोबर उचलली आहे. २०१८ च्या ‘स्मॅश अल्टिमेट’मध्ये ऐंशीहून अधिक लढवय्ये जमले, तरी त्याला त्यांत जागा मिळाली नाही. ती मिळायला हवी होती. धावायचं नाही, उडायचं नाही, मैदानाच्या कडेला पडून राहायचं आणि मारिओचा पाय पडण्याची वाट पाहायची, असा गडी त्या सबंध खेळात एकही नाही.