अंदमानात स्वस्तातलं ‘बीचफ्रंट’ हॉटेल बुक करताय? आधी हे समजून घ्या

फोटोत खोलीच्या दारासमोर निळंशार पाणी दिसतं. नारळाच्या झाडांना झोपाळा बांधलेला असतो आणि भाडं खिशाला परवडणारं असतं. प्रत्यक्षात मात्र सकाळी दार उघडलं की समुद्र कुठल्या कुठे मागे गेलेला असतो आणि समोर दिसतो फक्त खडक, चिखल आणि शेवाळ.

अंदमानातल्या स्वराज द्वीपवर असा अनुभव अनेकांना येतो. यात हॉटेलनं फसवलेलंच असतं असं नाही. बऱ्याचदा फोटो खरा असतो, फक्त तो भरतीच्या वेळी काढलेला असतो.

स्वराज द्वीप म्हणजे कुठलं बेट?

पूर्वीचं हॅवलॉक. डिसेंबर २०१८ मध्ये त्याचं नाव स्वराज द्वीप झालं आणि शेजारच्या नील बेटाचं शहीद द्वीप. सप्टेंबर २०२४ मध्ये राजधानी पोर्ट ब्लेअरचं नावही बदलून श्री विजयपुरम करण्यात आलं. बुकिंगच्या वेबसाइटवर जुनी आणि नवी दोन्ही नावं दिसतात, त्यामुळे गोंधळू नका.

सेल्युलर जेल पाहायला महाराष्ट्रातून जाणारे बहुतेक पर्यटक पुढे बोटीनं स्वराज द्वीप गाठतात. खासगी वेगवान बोटीला साधारण दीड ते अडीच तास लागतात. सरकारी बोट स्वस्त असते, पण तिची तिकिटं लवकर संपतात.

‘बीचफ्रंट’ म्हणजे नक्की काय?

या शब्दाची पक्की व्याख्या नाही. ‘बीचफ्रंट’ म्हणजे हॉटेलची जागा किनाऱ्याला लागून आहे, इतकंच. तुमची खोली समुद्रासमोर असेल याची ती हमी नसते. स्वस्त खोल्या अनेकदा मागच्या रांगेत, रस्त्याच्या बाजूला असतात. ‘सी व्ह्यू’मध्ये समुद्र दिसतो, पण मध्ये झाडं किंवा दुसरी खोली असू शकते. ‘बीच ॲक्सेस’ म्हणजे किनाऱ्याकडे जायला वाट आहे.

‘प्रायव्हेट बीच’ असं लिहिलं असेल तर त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. आपल्याकडे भरतीच्या रेषेखालचा किनारा हॉटेलच्या मालकीचा नसतो. शिवाय किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांमुळे भरतीरेषेपासून ठरावीक अंतरापर्यंत नव्या बांधकामावर निर्बंध असतात. त्यामुळे नियम पाळून बांधलेलं हॉटेल पाण्यापासून थोडं मागेच असणार.

मग समुद्र मागे का जातो?

स्वराज द्वीपवरची परवडणारी हॉटेलं आणि बांबूच्या झोपड्या मुख्यतः गोविंदनगर आणि विजयनगर या पूर्वेकडच्या पट्ट्यात आहेत. इथे समुद्राचा तळ उथळ आहे आणि त्यावर प्रवाळ आणि खडक पसरले आहेत. अंदमानात मोठ्या भरती-ओहोटीतला फरक सुमारे दोन मीटरचा, म्हणजे मुंबईपेक्षा बराच कमी. पण उतारच नसल्यानं तेवढ्यानंही पाणी खूप आत सरकतं. ओहोटीत इथे पोहता येत नाही, आणि प्रवाळावर पाय कापण्याची भीती असते ती वेगळीच.

दिवसातून साधारण दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते आणि त्यांच्या वेळा रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, म्हणजे उधाणाच्या दिवसांत, पाणी सर्वात जास्त आत-बाहेर होतं. अष्टमीच्या सुमारास हा फरक कमी असतो. कोकणात तिथीवरून भरतीची वेळ काढतात, पण ते गणित इथे जसंच्या तसं लागू होत नाही. पोर्ट ब्लेअरचं भरतीचं वेळापत्रक इंटरनेटवर मिळतं, तेच पाहावं.

पोहण्यासाठी बहुतेक जण पश्चिमेच्या राधानगर किनाऱ्यावर जातात. २००४ मध्ये ‘टाइम’ मासिकानं आशियातला सर्वोत्तम किनारा म्हणून गौरवलेला तो हाच. तो जेट्टीपासून सुमारे १२ किलोमीटरवर आहे. म्हणजे हॉटेल ‘बीचफ्रंट’ असलं तरी स्कूटर, रिक्षा किंवा बसचा खर्च धरावाच लागतो. राधानगरजवळच्या नील्स कोव्हमध्ये २०१० साली मगरीच्या हल्ल्यात एका परदेशी पर्यटक तरुणीचा मृत्यू झाला होता. त्यामुळे मगरीच्या इशाऱ्याचा फलक असेल तिथे पाण्यात उतरू नये.

बुकिंगआधी काय विचारायचं?

- खोली नेमकी कोणत्या रांगेत आहे? खोलीच्या दारातून आत्ता काढलेला व्हिडिओ मागा.
- वीज गेली तर जनरेटरवर काय चालतं? फक्त दिवा-पंखा की एसीसुद्धा?
- मच्छरदाणी आहे का? किनाऱ्यावर डासांबरोबर वाळूतल्या बारीक माशाही चावतात.
- पैसे कसे घेता? २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आल्यावर इंटरनेट सुधारलं, तरी थोडी रोकड जवळ हवी.
- भाड्यात कर धरलाय का? सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे.
- बोट रद्द झाली तर पैसे परत मिळतात का? उत्तर लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर घेतलं तरी चालेल.

सर्वात महागडी चूक कोणती?

बेटावरून निघायचं आणि त्याच दिवशी विमान पकडायचं, ही. हवामान बिघडलं की बोटी थांबवल्या जातात. अंदमानात नैऋत्य आणि ईशान्य असे दोन्ही मोसमी पाऊस पडतात. आपल्याकडे दिवाळीची सुट्टी असते, त्याच काळात बंगालच्या उपसागरात आणि अंदमान समुद्रात वादळं तयार होतात. डिसेंबर २०१६ मध्ये खराब हवामानामुळे हॅवलॉक आणि नील बेटांवर हजाराहून अधिक पर्यटक अडकले होते आणि त्यांना बाहेर काढायला नौदलाला जहाजं पाठवावी लागली होती.

चौघांच्या कुटुंबाचं विमान चुकलं, तर ऐनवेळच्या तिकिटांत स्वस्त खोलीनं वाचवलेले सगळे पैसे जातात. म्हणून शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच काढा. बेटावरची एक सकाळ कमी होईल, पण परतीचा प्रवास हवामानाच्या भरवशावर राहणार नाही.

आणि परतताना बॅगेत प्रवाळाचा तुकडा ठेवू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार प्रवाळाला संरक्षण आहे. किनाऱ्यावर पडलेला सापडला, हे कारण विमानतळावरच्या तपासणीत चालत नाही.